अपहाराच्या खटल्यात नव्या वकिलाने सांभाळायचे कागद

सनद मिळून वर्ष-दोन वर्षे झाली की कोकणातल्या वकिलाकडे अपहाराचा एखादा खटला येतोच. आरोपी पतसंस्थेचा पिग्मी एजंट असतो, विकास सोसायटीचा सचिव असतो, नाहीतर वाडीवरच्या शाखा डाकघराचा पोस्टमास्तर. रत्नागिरी घ्या, कुडाळ घ्या की माणगाव, आरोप एकाच साच्यातला: संगणकाने दाखवलेली शिल्लक आणि पेटीतली रोकड यांत तफावत. अशा कामाला हात घालण्याआधी ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिस प्रकरणाची चौकशी समजून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. तिथे आधी चुकले ते सॉफ्टवेअर, पण त्या चुकीवर माणसांना तुरुंगात पाठवण्याचे काम वकिलांच्या हातून झाले.

होरायझन ही संगणकप्रणाली १९९९ पासून तिथल्या पोस्टाच्या काउंटरवर बसवली गेली. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या आकड्यांवरून पोस्टमास्तर आणि कर्मचारी असे ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यातले सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतःच चालवले, कारण इंग्लंडात संस्थेलाही खासगी खटला भरता येतो. फिर्यादी, तपास करणारा आणि खटला चालवणारा, तिघेही एकाच छपराखाली. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष निकालात मांडले, एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ शिक्षा रद्द केल्या आणि २०२४ मध्ये कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसाव्या लागल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या छळापायी किमान १३ जणांनी जीव दिला असण्याची खरी शक्यता त्यात नोंदवली आहे.

वकिलाने सर्वांत बारकाईने पाहायचे ते २०१३ साल. त्या जुलैत पोस्ट ऑफिसचे खटले पाहणाऱ्या एका बॅरिस्टरने लेखी मत दिले: प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा जो तज्ज्ञ साक्षीदार वर्षानुवर्षे न्यायालयापुढे ठेवला गेला, त्याला दोष ठाऊक होते, तरी त्याच्या जबाबांत ते आलेले नाहीत, त्याची साक्ष यापुढे वापरू नये. दोषांवर चर्चा करणाऱ्या बैठकीची टिपणे नष्ट करायला सांगितल्याचे कानावर येताच ऑगस्टमध्ये त्याच बॅरिस्टरने दुसरे मत दिले: नोंदी ठेवणे आणि जपणे हे कर्तव्य आहे. मत अचूक होते, वेळेवर होते. तरीही पहिले मत बचाव पक्षाच्या हाती पडले ते नोव्हेंबर २०२० मध्ये. मधल्या काळात जुन्या खटल्यांची फेरपाहणी झाली, पण ज्या कार्यालयाने खटले चालवले त्याच कार्यालयाकडे ती सोपवलेली होती. आपण मागितलेल्या शिक्षा आपणच तपासायच्या, हे काम कोणत्याही वकिलाने मुळात स्वीकारायलाच नको होते.

आपल्याकडची चौकट स्पष्ट आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला १६ वा नियम सांगतो की अभियोग पक्षाच्या वकिलाने निरपराधाला शिक्षा होणार नाही अशा रीतीने खटला चालवावा आणि आरोपीचे निर्दोषत्व दाखवू शकेल असा पुरावा दडपणे कटाक्षाने टाळावे. एमपीएससी देऊन सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचे असेल त्यांनी हा नियम पाठ करावाच. पण बहुतेक नवखे वेगळ्याच खुर्चीवर बसलेले असतात: संस्थेचे वकील म्हणून सरकारी वकिलाला मदत करणारे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३८ प्रमाणे तुम्ही सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करता आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देता. फी संस्था देते म्हणून १६ वा नियम सुटत नाही. चेअरमननी ‘हा कागद राहू दे’ म्हटले, तर तो सरकारी वकिलाकडे न्यायला हवा, हे त्यांना त्याच दिवशी लेखी कळवा. कागद फाडण्याचा सल्ला तर थेट गुन्ह्यात नेतो. पुरावा नष्ट करण्याबद्दलच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदही येते.

बचावाचे वकीलपत्र असेल तर चार्जशीटच्या नकला हाती आल्या की काम संपले असे समजू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत नकला मिळायला हव्यात, पण त्यात पोलिसांनी आधार घेतलेले कागदच असतात. जप्त केले पण आधार घेतला नाही अशा कागदांची आणि वस्तूंची यादी वेगळ्या अर्जाने मागा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबत स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात ही यादी आरोपीला मिळावी असे म्हटले आहे आणि २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात ते पुन्हा सांगितले आहे. यादीत नाव सापडले की तो कागद त्याच संहितेच्या कलम ९४ खाली मागवा. ‘सर्व संबंधित रेकॉर्ड मिळावे’ असा मोघम अर्ज फेटाळला जातो. कागदाचे नाव, तारखा आणि तो कशासाठी हवा हे एका ओळीत लिहा.

संगणकाच्या बाबतीत नेमके काय मागायचे? प्रत्येक व्यवहाराची वेळ आणि युजर आयडी दाखवणारा लॉग, उलट नोंदी, म्हणजे रिव्हर्सल, सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने दुरून प्रवेश केला असेल तर त्याची नोंद, तक्रारींचे रजिस्टर, आणि त्या तारखांना वीज व नेटवर्क होते का याचा कागद. हा शेवटचा कागद कोकणात फार मोलाचा. जून-जुलैत लाईट जाते, टॉवर बंद पडतो, पिग्मीच्या मशीनमधली दिवसभराची वसुली संध्याकाळी अपलोड होताना मध्येच तुटते. पुन्हा पाठवल्यावर काही पावत्या दोनदा चढल्या का, हे लॉगमधल्या वेळांवरूनच कळते. लॉगशेजारी हाती लिहिलेली रोजकीर्द आणि खातेदारांची पासबुके ठेवून तारखेनुसार जुळवा. महिनाअखेरची एकच तफावत पाहत बसलात तर हाती काही लागत नाही. ती कोणत्या दिवशी जन्मली ते शोधायचे असते.

संगणकीय नोंद पुरावा म्हणून देताना लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र वाचताना नवखे हमखास फसतात. भाग ‘अ’ यंत्राचा ताबा असणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश मूल्य, म्हणजे फाइलीवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, लागते. हॅश जुळला म्हणजे फाइल बदललेली नाही एवढेच ठरते. फाइलीतली बेरीज खरी आहे, हे त्यातून ठरत नाही. इंग्लंडमध्ये संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची सक्ती १९९९ च्या कायद्याने काढून टाकली आणि यंत्र बरोबरच असणार असे गृहीत धरले जाऊ लागले. आपल्याकडे ते विधान प्रमाणपत्रात करावे लागते. म्हणून सही करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला उलटतपासात शांतपणे विचारा: सर्व्हर कुठे आहे, तुम्ही तो पाहिला का, त्या तीन महिन्यांत किती तक्रारी गेल्या, ‘नीट चालत होता’ हे कशावरून लिहिले?

आता पैसे भरण्याबद्दल. ‘भरून टाक, मिटेल’ हा सल्ला गावात सगळे देतात, दुर्दैवाने काही वकीलही. घरचे दागिने मोडून रक्कम भरली जाते आणि मग तीच पावती कबुली म्हणून खटल्यात निशाणी पडते, म्हणजे पुरावा म्हणून नोंदली जाते. ब्रिटनमध्ये ‘जो हॅमिल्टन’ नावाच्या पोस्टमास्तर बाईंवर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप होता. चोरीचा पुरावा सापडत नाही असे पोस्टाच्याच तपास अधिकाऱ्याने लिहिले होते. तरी त्यांना खोट्या हिशेबाची कबुली देऊन, पैसे भरून सुटका मागावी लागली. भरणा अटळच असेल तर ‘हक्क व हरकती राखून’ असे पत्र सोबत द्या आणि त्यावर पोच घ्या.

सहकार कायद्याच्या कलम ८३ खालची संस्थेच्या कारभाराची चौकशी किंवा चौकशी आयोग लागला, तर आधी हितसंबंध तपासा. चेअरमन, सचिव आणि लिपिक या तिघांचे वकीलपत्र एकाच वकिलाने घेऊ नये. दुसऱ्याच सुनावणीला ते एकमेकांकडे बोट दाखवतात. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात कलम ८ ब मुळे ज्याच्या लौकिकाला धक्का बसणार त्याला म्हणणे मांडता येते, ८ क मुळे उलटतपास आणि वकील मिळतो, आणि कलम ६ मुळे तिथला जबाब, खोटी साक्ष सोडून, इतर खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. शपथपत्र लिहिण्याआधी अशिलाला त्याची स्वतःची जुनी पत्रे आणि ईमेल वाचायला द्या. लंडनच्या चौकशीत ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या वकिलांसमोर त्यांचेच ईमेल पडद्यावर आले.

वकिलाविरुद्धची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली जाते; ताकीद, सनद निलंबन किंवा नाव काढणे इथपर्यंत शिक्षा आहे. म्हणून प्रत्येक मतात तारीख, विचारलेला प्रश्न, पाहिलेले कागद आणि मागूनही न मिळालेले कागद या चार गोष्टी लिहाव्यात. तोंडी सल्ला दिला असेल तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल करावा. अशील ऐकतच नसेल तर पुरेशी पूर्वसूचना देऊन वकीलपत्र सोडा, न केलेल्या कामाची फी परत करा, मूळ कागद यादी करून सहीनिशी सुपूर्द करा आणि आपल्या मताची पोच असलेली प्रत कपाटात ठेवा. अशिलाची गुपिते वकीलपत्र सुटल्यावरही गुपितेच राहतात, तेव्हा बार रूममध्ये कारण विचारले तरी सांगू नये.