चरित्र अभिनेत्रीचे चरित्र कसे लिहावे : थेल्मा रिटर यांच्या निमित्ताने

नायिकेचे चरित्र लिहिणे त्या मानाने सोपे असते, कारण तिच्या चित्रपटाची कथा आणि तिच्या भूमिकेची कथा बहुधा एकच असते. चरित्र अभिनेत्री मात्र कथेच्या कडेला उभी असते. दोन-चार प्रसंगांपुरती येते, नेमके बोलते आणि निघून जाते. तिच्यावर लिहायला बसलेला माणूस चित्रपटांची कथानके सांगू लागला की लेख नकळत इतरांवरच होतो. हे टाळण्यासाठी काय करावे, ते थेल्मा रिटर या अमेरिकी अभिनेत्रीच्या कारकिर्दीवरून चांगले समजते. रिटर यांचे नाव चित्रपटाच्या जाहिरातीत क्वचितच सर्वांत वर आले असेल, पण त्यांचे प्रसंग पाहणाऱ्याच्या ध्यानात राहतात.

सुरुवात जन्मतारखेने करू नये, एका प्रसंगाने करावी. रिटर यांच्या बाबतीत तो प्रसंग आयताच हाती येतो. १९४७ सालच्या ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ या चित्रपटात नाताळच्या खरेदीने दमलेली एक आई न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानात मुलाला घेऊन येते. मुलाला हवे असलेले खेळणे तिला कुठेही मिळालेले नसते आणि दुकानातला सांताक्लॉज ते सरळ दुसऱ्या दुकानात मिळेल म्हणून सांगतो. ती आधी चक्रावते आणि मग दुकानाच्या अधिकाऱ्याला गाठून, आपण यापुढे इथलेच गिऱ्हाईक होणार, असे बजावते. श्रेयनामावलीत रिटर यांचे नावही नाही. असा प्रसंग लिहिताना ‘उत्कृष्ट अभिनय’ यासारखे शब्द वापरू नयेत. थकवा, संशय, अचंबा आणि समाधान या चार पायऱ्या त्यांनी किती थोड्या वेळात ओलांडल्या, एवढेच पाहावे आणि तेच लिहावे.

त्यानंतर मागे जावे. रिटर यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स या संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले, रंगभूमीवर कामे केली आणि १९२७ मध्ये जोसेफ मोरन यांच्याशी विवाह केला. मोरनही आधी नट होते, पुढे ते जाहिरात व्यवसायात गेले. दोन मुलांच्या संगोपनासाठी रिटर यांनी अभिनय बाजूला ठेवला आणि १९४०च्या दशकात नभोवाणीच्या वाटेने त्या परतल्या. म्हणजे पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्या ४५ वर्षांच्या होत्या. मधल्या वर्षांना ‘खडतर संघर्षाचा काळ’ असे ठोकळेबाज नाव देण्याचा मोह इथे होतो, तो आवरावा. ज्या स्त्रीने बरीच वर्षे स्वतःचे घर चालवले, तिने पडद्यावर पिशव्या सावरत खरेदी करणारी आई उभी केली, हे दोन सत्य शेजारी ठेवले तरी पुरे.

या टप्प्यावर मराठीत लिहिणाऱ्याने एक नियम स्वतःला घालून घ्यावा, असे मला वाटते : अभिनेत्रीसाठी ‘त्या’ आणि भूमिकेसाठी ‘ती’. मोलकरीण, परिचारिका, खबरी अशा भूमिकांची गर्दी असली की वाक्यात कोण बोलते आहे हे हरवते, आणि आपली भाषा हा गोंधळ फुकटात मिटवून देते. रिटर यांच्या बोलण्यातला ब्रुकलिनचा हेल मात्र कोणत्याही मराठी बोलीत उतरवू नये. तो जाड, घोगरा, शब्द चावत येणारा आवाज होता असे साधे वर्णन करावे.

मग भूमिकांची यादी करावी, पण सालवारीने नाही, व्यवसायाने. ‘ऑल अबाउट ईव्ह’ (१९५०) मध्ये बर्डी ही पूर्वीची व्हॉडव्हिलची (गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश असलेल्या रंगमंचीय करमणुकीची) कलावती असते आणि आता एका मोठ्या नटीच्या, म्हणजे बेटी डेव्हिस यांनी केलेल्या मार्गोच्या, दिमतीला असते. ‘द मेटिंग सीझन’ (१९५१) मध्ये एक आई स्वतःच्या मुलाच्या घरात स्वयंपाकीण म्हणून वावरते आणि सुनेला ते ठाऊक नसते. ‘विथ अ साँग इन माय हार्ट’ (१९५२) मध्ये परिचारिका, ‘रिअर विंडो’ (१९५४) मध्ये विमा कंपनीने पाठवलेली परिचारिका, ‘पिलो टॉक’ (१९५९) मध्ये रोज सकाळी आदल्या रात्रीच्या दारूने डोके धरून येणारी मोलकरीण, ‘द मिसफिट्स’ (१९६१) मध्ये रीनो शहरातली घरमालकीण. यादी अशी मांडली की तिच्यातून एक धागा आपोआप वर येतो : या बायका दुसऱ्याची देखभाल करतात आणि त्यामुळे इतरांच्या आधी खरे काय ते ओळखतात. मार्गोची चाहती म्हणून आलेल्या ईव्हची करुण कहाणी ऐकून सगळे हेलावतात तेव्हा बर्डी एक बोचरा शेरा मारते. पुढे ती कथेतूनच नाहीशी होते. ‘रिअर विंडो’तली स्टेला खिडकीतून डोकावणाऱ्या रुग्णाला आधी खडसावते आणि नंतर स्वतःच त्या टेहळणीत इतकी गुंतते की शेवटी शेजाऱ्याच्या अंगणातला वाफा खणायला उतरते.

धागा सापडला की तो तुटतो कुठे, हे शोधावे. लेखाचा सर्वांत मोठा भाग मी त्याच जागेला देईन. ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) या सॅम्युएल फुलर दिग्दर्शित चित्रपटातली मो ही वरकरणी टाय विकते आणि खरे तर पोलिसांना खिसेकापूंची माहिती विकते. ती दरावर घासाघीस करते, भाव वाढल्याचे कारण देते आणि जमवलेला पैसा चांगल्या जागी स्वतःची कबर आणि दगड घेण्यासाठी राखून ठेवते, कारण बेवारसांच्या दफनभूमीत जाण्याची तिला भीती असते. हेरगिरीत अडकलेला एक माणूस रात्री तिच्या खोलीत येतो आणि एका तरुणाचा पत्ता मागतो. तोच पत्ता तिने आधी विकलेला आहे, पण या माणसाला ती तो देत नाही. आपण फार थकलो आहोत, असे ती सांगत राहते. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनकडे जातो आणि गोळीचा आवाज ऐकू येतो. आधीच्या प्रसंगांतला विनोद आणि हा थकवा एकाच आवाजात आहेत. तो आवाज कुठेही चढलेला नाही. हा प्रसंग किमान तीन वेळा पाहावा, त्यातला एकदा आवाज बंद करून, म्हणजे खांदे आणि हात काय करतात ते कळते.

पुरस्कारांचा परिच्छेद लहान आणि अचूक असावा. सहाय्यक अभिनेत्री या विभागात रिटर यांना ऑस्करची सहा नामांकने मिळाली : १९५० ते १९५३ या चार वर्षांच्या चित्रपटांसाठी सलग, मग ‘पिलो टॉक’साठी आणि ‘बर्डमॅन ऑफ अल्कट्राझ’ (१९६२) मधल्या कैद्याच्या आईसाठी. पुरस्कार एकदाही मिळाला नाही. यावर हळहळ व्यक्त करण्याऐवजी प्रत्येक वर्षी कोण जिंकले ते तपासावे. ‘ऑल अबाउट ईव्ह’साठी त्यांच्याबरोबर त्याच चित्रपटातल्या सेलेस्ट होम याही नामांकित होत्या आणि पुरस्कार ‘हार्वे’साठी जोसेफिन हल यांना गेला. ‘द मेटिंग सीझन’मध्ये तर कथा रिटर यांच्या भूमिकेभोवती फिरते, तरी नामांकन सहाय्यक विभागातच आले. या दोन गोष्टींतून चरित्र अभिनेत्रीला कोणत्या खान्यात ठेवले जाते हे अधिक स्पष्ट दिसते. ऑस्करवर थांबूही नये : ‘न्यू गर्ल इन टाउन’ या संगीतिकेसाठी १९५८ मध्ये रिटर यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कार मिळाला आणि तो त्यांना सहकलाकार ग्वेन व्हर्डन यांच्यासह विभागून मिळाला.

दूरचित्रवाणीकडे दुर्लक्ष करणे ही या प्रकारच्या लेखनातली नेहमीची चूक आहे. १९५५ मध्ये पॅडी चायेफ्स्की यांच्या ‘अ केटर्ड अफेअर’ या दूरचित्रवाणी नाटकात आईची मुख्य भूमिका रिटर यांनी केली. पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपट निघाला तेव्हा ती भूमिका बेटी डेव्हिस यांच्याकडे गेली, म्हणजे बर्डीची भूमिका मार्गोने घेतल्यासारखेच झाले. असे योगायोग केवळ चित्रपटांची यादी पाहून सापडत नाहीत.

किश्शांची बाब नाजूक असते. पहिल्या चित्रपटातला तो छोटा प्रसंग पाहून स्टुडिओचे प्रमुख डॅरिल झॅनक इतके खूश झाले की त्यांनी भूमिका वाढवायला सांगितली, ही हकिकत रिटर यांच्याविषयी वारंवार सांगितली जाते. ती द्यावी, पण ‘असे सांगतात’ या शब्दांसह, आणि तिच्यावर पुढचा कोणताही निष्कर्ष उभारू नये.

शेवटचे दशक थोडक्यात आटोपले तरी चालते, कारण भूमिकांचा साचा तोवर पक्का झालेला असतो. अपवाद ‘बर्डमॅन’मधल्या आईचा, जी मुलासाठी लढते आणि त्याने लग्न केल्यावर त्याच्यावरच उलटते, देखभालीचे रूपांतर मालकीत कसे होते हे दाखवणारी ही एकच भूमिका यादीत आहे आणि तिला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. मृत्यूची नोंद एका वाक्यात करावी : ५ फेब्रुवारी १९६९ रोजी न्यूयॉर्कमध्ये रिटर यांचे निधन झाले, तेव्हा ६७ वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस उरले होते.