पीएसएमला सीट लागलीय? आधी विभागातली जुनी कपाटं उघडा

एमडीसाठी कम्युनिटी मेडिसिनला (जुनं नाव पीएसएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, रोग होऊ नये म्हणून लोकांमध्ये जाऊन काम करणारी ब्रँच) नंबर लागला म्हटल्यावर आमच्या रामबागेतल्या घरात सुतकी शांतता पसरली होती, काका तर सरळ म्हणाले, "म्हणजे डासांचा डॉक्टर का रे तू आता?" मलाही तेव्हा काही सांगता आलं नाही, म्हणून इंदूरला या ब्रँचला नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्या दिवशी विभागाची पाटी नीट बघा. आमच्याकडे नव्या पाटीच्या कडेला जुन्या रंगातलं 'पी.एस.एम.' अजून डोकावतं, आणि स्टोअरमधल्या एका लाकडी कपाटावर चक्क 'हायजीन' लिहिलंय. मला वाटायचं नावं बदलायची सरकारी हौस असेल, पण तसं नाही, प्रत्येक नावाबरोबर काम बदललंय. हायजीनच्या काळात पाणी, गटारं, दूध, संडास एवढाच संसार होता. मग 1943 मध्ये देशाच्या आरोग्यसेवेचा अभ्यास करायला भोर समिती नेमली गेली, 1946 ला तिचा अहवाल आला, त्यात म्हटलं की डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाला तीन महिने प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन शिकवा. आजही इंटर्न आपल्या विभागात 12 आठवडे येतात ना, ते बघून मला दर वेळी भोरसाहेब आठवतात. पुढे 1975 ला वैद्यकीय शिक्षणावरच्या श्रीवास्तव समितीने मोठ्या हॉस्पिटलात तयार होणारा डॉक्टर खेड्याच्या कामाचा उरत नाही अशा अर्थाचं सुनावलं, मग 1977 ची रोम स्कीम (रीओरिएंटेशन ऑफ मेडिकल एज्युकेशन), कॉलेजला तीन-तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडायची, आणि 1978 ला प्राथमिक आरोग्यसेवेवरची अल्मा-आटाची जागतिक परिषद. बाहेर व्हरांड्यासमोर जी खडखडणारी फिल्डची गाडी उभी असते ती या सगळ्यातून आलीय. आता तर फर्स्ट इयरची पोरंसुद्धा फॅमिली अॅडॉप्शनची, म्हणजे तब्येतीवर लक्ष ठेवायला दत्तक दिलेली, कुटुंबं घेऊन फिरतात. वर्षं पाठ करू नका, कोणाची काय तक्रार होती म्हणून काय बदललं एवढं धरून ठेवा, व्हायवात तेवढ्यावर निभतं.

आणि आपलं गाव काय कमी आहे का! पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार इथे होळकर दरबारासाठी काम करायला आला, 1918 ला त्याचा इंदूरवरचा अहवाल निघाला. प्लेगचे दिवस होते, तर या माणसाने दिवाळीच्या मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर काढला आणि मिरवणूक सगळ्यात स्वच्छ भागातून जाणार असं जाहीर केलं, की लागले लोक घरं झाडायला. भाषण न देता हेल्थ एज्युकेशन म्हणतात ते हेच. नंतर अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञाने इथेच कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' बसवली. 2017 पासूनच्या स्वच्छ सर्वेक्षणाच्या पहिल्या नंबरावर सगळे मिरवतात, यांची नावं मात्र कोणी घेत नाही, असो.

आता माझी फजिती. लसीकरणाच्या पहिल्याच सर्व्हेत एका घरी बाईंनी "सब टीके लग गए" म्हटलं आणि मी खुशाल 'पूर्ण' असं टिक केलं. बरोबरच्या सिस्टरताईंनी पोराची डावी बाही वर केली, दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) व्रण नाही. मग ताई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, व्रण नाही म्हणजे लस नाहीच असं नसतं हं, पण कार्ड बघितल्याशिवाय लिहायचं नाही." कार्ड निघालं पेटीतल्या साडीच्या घडीतून, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं, बीसीजी होती, पण गोवराचा रकाना कोरा. माझं 'पूर्ण' तिथेच खोडावं लागलं. तेव्हापासून मी आधी कार्ड मागतो आणि मग पेन उघडतो.

उत्पन्नाचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा, आधी विचारलात तर रेशनवाले समजून दार लावतात. उत्पन्नावरून कुटुंबाचा आर्थिक वर्ग काढायची बी. जी. प्रसाद स्केल 1961 ची आहे, म्हणजे महागाईचा ताजा आकडा लावल्याशिवाय वर्ग काढू नका, सिनियरची दोन वर्षं जुनी झेरॉक्स वापरून मी अख्खी वस्ती श्रीमंत करून टाकली होती.

आणि हो, थिसिसचा विषय शोधत असाल तर आधी ते हायजीनवालं कपाट उघडा. जुनी कुटुंब-रजिस्टरं असतात, शाई फिकी झालीय पण घर नंबर वाचता येतात, त्याच गल्लीत आज परत गेलात की आपोआप तुलना तयार. किल्ली बहुतेक वेळा विभागाच्या जुन्या अटेंडंटकाकांकडे असते, हेडकडे मागत बसू नका. गाडी सकाळी लवकर सुटते, पोहे-जलेबी खाऊनच या, पण पोटात थोडी जागा ठेवा, घरोघरी चहा मिळतो आणि नाही म्हणता येत नाही.