फास्टफूडच्या हॉटेलात कॉफी काउंटर काढताय? या चुका टाळा

मॅकडोनल्ड्सचं पहिलं मॅककॅफे 1993 मध्ये मेलबर्नला निघालं, भारतात ते 2013 मध्ये मुंबईला आलं. दुकान तेच ठेवून कॉफीचा काउंटर मात्र स्वतंत्र, अशी त्यांची रीत. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडे वडापाव-बर्गरच्या हॉटेलात मशीन बसवताना नेमकं हे स्वतंत्रपणच सुटतं. मग चव बिघडली की दोष मशीनवर जातो. खरं कारण बहुतेक वेळा जागा, पाणी किंवा दूध असतं.

मशीन कढईशेजारी

तळणीची वाफ उडते तसं तेलही उडतं आणि ग्राइंडरच्या हॉपरवर (बिया भरायच्या वरच्या भांड्यावर) चिकट थर बसतो. भाजलेल्या बिया वास पटकन ओढून घेतात, म्हणून कॅपुचिनोला मसाल्याचा वास येतो. फ्रायरपासून निदान 8-10 फूट अंतर ठेवा आणि एक्झॉस्टची हवा काउंटरवरून जाऊ देऊ नका. रात्री हॉपर रिकामा करून पुसा, बिया हवाबंद डब्यात भरा. डबा फ्रीजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत दमटपणा धरतो. भाजल्यापासून 3-4 आठवड्यांत संपेल एवढाच माल मागवा.

वडे तळणाऱ्या पोरालाच मध्येच कॉफीला उभं करणं ही यातलीच दुसरी चूक. गर्दीच्या वेळी एक शिकलेला माणूस फक्त मशीनवर हवा.

पाणी न तपासता जोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कडक बोअरचं पाणी थेट जोडलं की हीटरवर क्षार बसतात, मशीन तापायला वेळ लावतं, व्हॉल्व्ह तुंबतात. क्षारांमुळे झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरत नाहीत. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; त्याच्या मीटरवरून कडकपणा कळत नाही, त्यासाठी हार्डनेस किट वेगळं घ्या. टीडीएस 150 पीपीएमच्या आसपास आणि कडकपणा 50 ते 175 पीपीएम असेल तर उत्तम.

यावर उपाय म्हणून बरेच जण घरगुती आरओ जोडतात आणि नवीन दुखणं ओढवून घेतात. टीडीएस 20-30 वर आला की कॉफी पांचट लागते. शिवाय बॉयलरमधला पातळी दाखवणारा प्रोब पाण्यातून वीज वाहते यावर चालतो. पाणी फारच शुद्ध असलं तर त्याला पाणी कळतच नाही. बॉयलर भरत राहतो आणि स्टीमच्या नळीतून वाफेऐवजी गरम पाणी येतं. असं दिसलं तर मेकॅनिक बोलावण्याआधी टीडीएस मोजा. आरओमध्ये थोडं गाळलेलं साधं पाणी मिसळण्याची सोय करा, किंवा मशीनसाठीचं सॉफ्टनर कार्ट्रिज बसवा. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पुन्हा मोजा.

वीज आणि फलक

दोन ग्रुपचं (कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं) मशीन 3 ते 4.5 किलोवॅट ओढतं, ते 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. वेगळी 4 चौरस मिमीची तार, 25 अँपिअरचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवं. वीज कंपनी हेस्कॉमकडे मंजूर लोड पुरतो का ते आधी पाहा. नव्या काउंटरचा फलक रंगवताना कर्नाटकाच्या 2024 च्या कायद्याप्रमाणे 60 टक्के कन्नड ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा खर्च नाही.

शॉट आणि दूध

शॉट म्हणजे मशीननं दाबानं काढलेली घट्ट एस्प्रेसो कॉफी: 18 ग्रॅम पावडर, कपात 36 ग्रॅम कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. 15 सेकंदांत धार संपली आणि आंबट लागलं तर दळण बारीक करा. 40 च्या वर गेलं आणि कडवट झालं तर जाडसर. एका वेळी एकच गोष्ट बदला. आपल्याकडच्या पावसाळ्यात दळण रोज सकाळी तपासावंच लागतं. हँडलच्या कडेनं पाणी ठिबकत असेल तर ग्रुपचं गॅस्केट (आतलं रबरी कडं) कडक झालंय, ते बदला.

चहासाठी उकळून ठेवलेल्या दुधाला फेस टिकत नाही. फ्रीजमधलं थंड दूध घ्या, 60-65 अंशांवर थांबा, उरलेलं पुन्हा वाफवू नका. म्हशीचं घट्ट दूध चवीला छान, पण सुरुवातीला हात बसेपर्यंत 3 टक्के फॅटचं टोण्ड दूध सोपं जातं. वाफेची नळी प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्यानं पुसा आणि वाफ सोडा, नाहीतर भोकं तुंबतात.

फिल्टर कॉफीला कमी लेखणं

आपल्या भागातलं गिऱ्हाईक फिल्टर कॉफी ओळखतं, आणि लाइट गेली तरी ती गॅसवर होते. म्हणून आमचा सल्ला: मशीन आलं तरी फिल्टर ठेवाच. 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरीची 100 ग्रॅम पावडर, 600 मिली उकळतं पाणी. पावडर बरंचसं पाणी धरून ठेवते, म्हणून डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा अर्क) साधारण 400 मिली उतरतं, म्हणजे 30 मिलीप्रमाणे 13 कप. पावडर फार दाबली तर थेंब पडत नाही, मोकळी ठेवली तर पाणचट उतरतं. चिकोरी फुगते, म्हणून ती जास्त असेल तर हलकंच दाबा. डिकॉक्शन गॅसवर तापत ठेवू नका, कडवट होतं. तापवायचं ते दूध. 4-5 तासांत संपेल एवढंच काढा.