सकाळी सातचा डबा साडेदहाला कसा लागतो?

डबा आपण सकाळी सातला गरम असताना चाखतो. मूल तो साडेदहाला, गार झालेला, मित्रांशी गप्पा मारत, पंधरा-वीस मिनिटांच्या सुट्टीत खातं. म्हणून नवा पदार्थ शाळेत पाठवण्याआधी एखाद्या रविवारी त्याच डब्यात भरून ठेवा आणि साडेतीन तासांनी स्वतः खाऊन बघा. पोहे कोरडे पडलेत, उपम्याची वडी झालीय, हे तेव्हाच कळतं.

डबे बिघडतात ते बहुतेक वेळा वाफेने. तव्यावरची पोळी तशीच डब्यात घालून झाकण लावलं, की झाकणाला वाफ धरते आणि तिचं पाणी पोळीवर ठिबकतं. वरची पोळी ओली आणि चिकट होते, मूल ती बाजूला सारतं. पोळ्या जाळीवर पाच-सात मिनिटं सुट्या ठेवा. हाताला कोमट लागल्या की तूप लावून भरा.

गार झाल्यावरही मऊ राहणारा पदार्थ म्हणजे दशमी. प्रवासाला ती नेतात ती म्हणूनच. दोन-तीन दशम्यांसाठी मूठभर मेथी बारीक चिरून मीठ चोळून पाच मिनिटं ठेवा. तिला पाणी सुटलं की त्यातच एक वाटी कणीक, दोन चमचे बेसन, चमचाभर तेल, हळद आणि थोडा ओवा मिसळा. मग दूध थोडं थोडं घालत मळा. अर्ध्या वाटीपेक्षा कमीच लागतं, एकदम ओतलं तर पीठ सैल होतं. दहा मिनिटं झाकून ठेवा, पोळीपेक्षा किंचित जाड लाटा आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर भाजा. मंद आचेवर रेंगाळली तर ओलावा उडून चिवट होते. कोमट दशमीवर शेंगदाण्याची चटणी तुपात कालवून पसरा, घट्ट सुरळी करा आणि मधोमध कापा. एका हातात धरून खाता येतं, हे लहान मुलांना फार सोयीचं. चटणीत तिखट मात्र निम्मंच घाला.

कणकेत बेसन घातलंय ते चवीपुरतं नाही. गहू-तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर. डाळीत जे कमी पडतं ते धान्यात मिळतं. म्हणून मुगाच्या धिरड्यातही वाटीभर भिजवलेल्या मुगाला दोन चमचे तांदूळ घालावेत. धिरडी कडेने कुरकुरीतही होतात. वाटताना पाणी बेताचंच घाला.

मोड आलेल्या मटकीची उसळ द्यायची तर रस पूर्ण आटवा आणि शेवटी चमचाभर दाण्याचं कूट घाला, ते उरलेलं पाणी धरतं. लिंबू गॅस बंद केल्यावर, उसळ कोमट झाली की पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते आणि उष्णतेने ते जीवनसत्त्व कमी होतं. फोड वेगळी दिलीत तर बहुतेक ती तशीच परत येईल.

काकडी-गाजराला मीठ लावून भरू नका, तासाभरात पाणी सुटतं. लांब फोडी कोरड्या पुसून वेगळ्या कप्प्यात द्या. लहानांना द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं.

एका बाबतीत अजिबात सूट नको: रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात डब्यात देऊ नका. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जगतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा परतल्यानेही जात नाही. भात द्यायचाच तर सकाळी ताजा करून वाफाळता थर्मासमध्ये भरा. थर्मासमध्ये आधी पाच मिनिटं उकळतं पाणी ठेवा, नाहीतर गार स्टीलच भाताची उष्णता ओढून घेतं.

नवा डबा आणलात तर मुलाला घरी दहा वेळा उघडायला लावा. घट्ट झाकण न उघडल्यामुळे उपाशी राहिलेलं मूल घरी येऊन “भूक नव्हती” एवढंच सांगतं. परत आलेल्या डब्यात काय उरलं तेही नीट बघा. सुरळीचा मधला भाग खाऊन कडा टाकल्या असतील तर दशमी कोरडी झालीय, पुढच्या वेळी दूध वाढवा. सगळंच निम्मं उरलं असेल तर चव ठीक आहे, वेळ पुरत नाहीये. प्रमाण कमी करा आणि घास छोटे कापून द्या.