फ्लॅशकार्डांनी अभ्यास करताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक आधी सांगतो: विसरलेल्या कार्डावर 'हार्ड' दाबणं. अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप: पुढे प्रश्न, मागे उत्तर असलेलं कार्ड पाहून किती आठवलं ते बटणाने सांगायचं, त्यावरून ते पुढची उजळणी ठरवतं. त्यात 'हार्ड' म्हणजे 'आठवलं, पण कष्टाने'. उत्तर बरोबर धरून ॲप पुढची उजळणी आणखी लांबवतं. आठवलं नसेल तर 'अगेन'च (म्हणजे 'पुन्हा') दाबायचं. लाइटनरच्या खोक्यांच्या पद्धतीतही (कागदी कार्ड जितकं पक्कं तितकं पुढच्या खोक्यात, आणि पुढच्या खोक्यांची उजळणी कमी वेळा) चुकलेलं कार्ड थेट पहिल्या खोक्यात जातं, तिथे भीडभाड नाही. 'अगेन' दाबायला जिवावर येतं, पण मग परीक्षेत बसतो तो फटका मोठा असतो.

दुसरी चूक म्हणजे कार्डात अख्खं प्रकरण कोंबणं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचं कार्ड होतं: पुढे 'मानवी हृदय', मागे बारीक अक्षरात पानभर मजकूर. दर वेळी तिला त्यातलं बरंचसं आठवायचं, म्हणून ती 'गुड' (नीट आठवलं) दाबायची. झडपांचा भाग मात्र दर वेळी निसटायचा आणि ते कार्ड तर महिनाभर पुढे ढकललं गेलेलं. पेपरात नेमका झडपांवरच प्रश्न आला आणि तिने द्विदल उजवीकडे, त्रिदल डावीकडे लिहिली. नंतर आम्ही त्या कार्डाचे तुकडे केले. 'डाव्या अलिंद आणि निलयामधली झडप कोणती?' हे एक कार्ड. 'डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा जाड का?' हे दुसरं. उत्तर एका ओळीचं, त्याला रक्त शरीरभर ढकलायचं असतं, उजव्याला फक्त फुप्फुसांपर्यंत. अर्धंच आठवलं, असं म्हणायला जागाच उरली नाही.

न समजलेल्या धड्याची कार्डं करू नका. आधी धडा वाचा.

दुसऱ्याचा तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, घेऊन वेळ वाचत नाही. कार्ड करताना काय महत्त्वाचं हे ठरवावं लागतं, तिथेच निम्मा अभ्यास होतो.

उत्तर मनातल्या मनात 'येतंय' म्हणून कार्ड उलटू नका. मी आधी कागदावर लिहायला लावतो, मगच उलटायचं.

आणि घाई. रोज 20 नवी कार्डं घेतली तरी काही आठवड्यांत रोजच्या उजळण्या 200च्या घरात जातात. पहिल्याच दिवशी शंभर उरकणारे म्हणूनच पंधरवड्यात ॲप बंद करतात. उजळण्या तुंबल्या असतील तर नवी कार्डं शून्यावर आणा आणि ढीग उतरेपर्यंत तिथेच ठेवा.