रात्री झोपेत फीट येत असेल तर घरात काय काय बदलायचं

सकाळी उशीवर रक्ताचा डाग, जीभ चावलेली, अंग ठेचल्यागत दुखतंय, कधी अंथरूण ओलं... असं दिसलं तर रात्री फीट येऊन गेली असू शकते, आधी न्यूरॉलॉजिस्टला (मेंदूच्या डॉक्टरला) दाखवा. आणि पथ्य चालू केलं म्हणून गोळी सोडायची नाही हां, अचानक गोळी बंद केली की फीट जास्त जोरात येते.

माझं ऐकाल तर खाण्यापिण्याच्या पथ्याआधी झोपेकडं बघा. आपल्याकडं शेतातल्या मोटारीचा थ्री फेज करंट बऱ्याचदा रात्रीचाच, मग उसाला पाणी सोडायला दोन वाजता उठायचं, कुणाची उद्यमबागेतल्या कारखान्यात नाईट शिफ्ट, त्यात बेळगावचं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, आणि झोप अर्धी झाली की फीट यायचा धोका वाढतोच. पाणी पाजायचं काम घरातल्या दुसऱ्याकडं द्या, या माणसाला विहिरीवर, मोटारीजवळ एकटं पाठवूच नका. झोपायचा-उठायचा टाइम रोज एकच ठेवा. जोरात घोरत असेल, मधेच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, कारण त्यानं झोप मोडते आणि फीट वाढू शकते.

रात्रीची गोळी असेल तर ती जेवणाला जोडून घ्या म्हणजे विसरत नाही. संकष्टी, एकादशीला कडक उपास नको, देव रागावत नाही. दारू बंद. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खाताना वाहत्या पाण्यात चांगलं धुवा, कारण फीतकृमीची (चपट्या, लांब जंताची) अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होतात, आपल्या देशात फीटचं ते एक मोठं कारण आहे.

कीटो डाएट 1921 पासून फीटसाठी वापरतात, पण ते गोळ्यांनी न थांबणाऱ्या फीटसाठी, जास्त करून लहान मुलांना. भात भाकरी साखर जवळजवळ बंद आणि तूप-तेलावर भर, मुतखडासुद्धा होऊ शकतो, म्हणून मोबाईलवर व्हिडिओ बघून घरी करू नका, डॉक्टर आणि डाएटिशियन लागतातच.

गादी खाली जमिनीवर घाला, पालथं झोपू देऊ नका, खोलीत कुणीतरी सोबत असू दे. फीट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, कांदा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका, घड्याळ बघा. 5 मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर यायच्या आत परत आली, तर लगेच 108 ला फोन. जमलं तर दुसऱ्या कुणाला मोबाईलवर शूटिंग करायला सांगा, पुढच्या तपासणीला डॉक्टरला दाखवता येतं.