गाडी धावताना थरथरते? गॅरेजला जाण्याआधी कारण असं शोधा

ऐंशीपर्यंत गाडी सुरळीत चालते आणि नव्वद ओलांडले की स्टीअरिंग थरथरायला लागतं. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग मारून टाकू' (म्हणजे चाकांची दिशा जुळवू आणि चाकाचं वजन सगळीकडून सारखं करू) हे उत्तर ठरलेलं. कधी तेवढ्यावर भागतं. नाही भागलं की अंदाजाने एकेक पार्ट बदलणं सुरू होतं आणि बिल वाढत जातं. मेकॅनिकला दोष देण्याआधी हेही बघा की आपण त्याला सांगतो काय: 'गाडी हलते.' एवढ्यावर तो तरी काय ओळखणार? थरथर नेमकी केव्हा येते आणि केव्हा थांबते, हे सांगता आलं तर संशयितांची यादी दोन-तीन पार्टवर येते. ते शोधायला हत्यारं लागत नाहीत. एक मोकळा रस्ता आणि टिपून घेणारा सोबती पुरे.

१. आधी उभ्या गाडीची तपासणी

थंड टायरमध्ये हवा भरून घ्या. किती भरायची हा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. मग चारही टायर बाहेरून आणि आतल्या बाजूनेही नीट बघा. आतली बाजू कोणी बघत नाही, आणि फुगा तिथेही असू शकतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. तो टायर दुरुस्त होत नाही, त्यावर हायवेला जाऊ नका. तळहात टायरच्या नक्षीवरून फिरवा, कुठे उंचवटा किंवा खोलगट पट्टा लागतो का बघा. टायरच्या कडेला DOT (डीओटी) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे तारीख सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. शेतरस्त्यावरून किंवा कच्च्या रस्त्यावरून आल्यावर रिमच्या आत चिखलाचा थर वाळून बसतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर पाच-पाच ग्रॅमचा हिशेब चालतो, तिथे मूठभर चिखल म्हणजे फारच झालं. प्रेशरच्या पाण्याने रिम आतून धुऊन काढा. बऱ्याच 'बिघडलेल्या' गाड्या इथेच बऱ्या होतात. बॅलन्सिंगसाठी रिमवर चिकटवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडी वजनाची नुसती खूण उरली असेल, तर वजन पडलं आहे असं समजा.

नुकतंच पंक्चर काढलं असेल किंवा चाक बदललं असेल, तर नट पान्याने तपासा. नट ढिले असतील तर थरथर ही शेवटची सूचना असते.

गाडी महिनाभर एकाच जागी उभी असेल तर टायर खालून चपटे होतात आणि सुरुवातीला धडधड येते. पंधरा-वीस किलोमीटर चालून टायर तापल्यावर ती गेली तर काळजी नाही.

२. चाक की इंजिन?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. सरळ, रिकामा, डांबरी रस्ता निवडा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर सांध्यांची धडधड गाडीची वाटू शकते. वेगमर्यादेत राहून ४०, ६०, ८०, १०० अशा टप्प्यांनी वेग वाढवा. कोणत्या वेगाला थरथर सुरू होते, कोणत्या वेगाला जास्तीत जास्त असते, स्टीअरिंगमध्ये जाणवते की सीटखाली, हे शेजारच्याला टिपायला सांगा. ढोबळ नियम असा: स्टीअरिंगमध्ये आली तर पुढची चाकं, सीटमध्ये आणि फ्लोअरमध्ये आली तर मागची.

थरथर चालू असताना मागेपुढे कोणी नाही हे पाहून गाडी न्यूट्रलला टाका आणि ॲक्सिलरेटर सोडा. चावी मात्र अजिबात बंद करू नका. पॉवर स्टीअरिंग आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर जातो, स्टीअरिंग लॉक व्हायचीही भीती असते. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर दोष चाकाकडे: टायर, रिम, बॅलन्सिंग, बेअरिंग. लगेच नाहीशी झाली तर इंजिन किंवा इंजिनाकडून चाकाकडे जाणारे भाग.

थरथरीचा पोतही काही सांगतो. साध्या हॅचबॅकच्या टायरचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी ९० किलोमीटरला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला साधारण तेरा-चौदा वेळा फिरतं. इंजिन ३००० आरपीएमवर (मिनिटाला ३००० फेऱ्या) असेल तर ते सेकंदाला पन्नास फेऱ्या घेतं. त्यामुळे चाकाची थरथर जाड आणि त्यामानाने हळू असते, तर इंजिनाची बारीक, मुंग्या आल्यासारखी. शंका असेल तर त्याच वेगाला गिअर बदलून बघा. आरपीएम बदलूनही थरथर तशीच असेल तर इंजिनाचा संबंध नाही.

३. ब्रेक दाबून बघा

आरशात बघून ८०च्या वेगावरून हलका ब्रेक लावा. थरथर फक्त ब्रेकवरच येत असेल तर डिस्क, म्हणजे ब्रेक जिला पकडतो ती चकती, बघायला हवी. स्टीअरिंग हललं तर पुढची, नुसतं पेडल किंवा सीट हलली तर मागचे ड्रम वा डिस्क. 'डिस्क वाकली' असं म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या काही शतांशाचा फरकही पायाला कळतो. घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला, डिस्क लालबुंद तापली आणि खाली आल्यावर ब्रेक घट्ट दाबून गाडी उभी केली, की हे दुखणं सुरू होतं. गरम डिस्कवर पाणी मारणंही तसंच वाईट. लेथवर डिस्क साफ करून घेता येते, पण डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपर्यंतच. निसरड्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थडथडलं तर ते एबीएसचं (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) काम आहे, बिघाड नव्हे.

४. बाकीच्या वेळा

फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आडवी हलते आणि पाय काढला की थांबते? पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत एक्सलचा आतला जॉइंट. पूर्ण वळणावर कट-कट आवाज आला तर बाहेरचा. त्याचं रबरी बूट फाटलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. बोलेरो किंवा ईकोसारख्या मागून चालणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, तपासायला सांगा.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलतानाच धडपडली तर क्लच. सिग्नलला उभी असताना, विशेषतः एसी चालू असताना हादरली तर इंजिनाचं माउंटिंग (गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन) किंवा एखाद्या सिलिंडरचं मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट न पेटणं. तीन सिलिंडरच्या गाड्या जन्मतःच थोड्या थरथरतात, त्याला इलाज शोधू नका. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं आणि वळणावर तिच्यात बदल, हे बेअरिंगचं लक्षण. डावीकडे वळताना वाढली तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण भार तिकडे जातो.

आणि अलाइनमेंट? ती बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. नव्वदला स्टीअरिंग थरथरण्याशी तिचा थेट संबंध बहुधा नसतो. पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र विकतात म्हणून आपण दोन्ही एकच समजतो.

५. चाकांची अदलाबदल

बॅलन्सिंग करूनही फरक नसेल तर त्याच बाजूची पुढची चाकं मागे, मागची पुढे लावून घ्या. थरथर स्टीअरिंगमधून सीटमध्ये गेली तर दोष चाकातच आहे. स्टीअरिंगमध्येच राहिली तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), डिस्क, टाय रॉड (स्टीअरिंग चाकाला जोडणारा दांडा) किंवा लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबर) बघा. हे घरी करणार असाल तर सपाट जागा, हँडब्रेक आणि बाकीच्या चाकांना दगड. जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. स्टेपनी लावून हा प्रयोग करू नका, अनेक गाड्यांत ती अरुंद असते आणि तिला ८०ची मर्यादा असते.

टायरवाल्याकडे चाक मशीनवर फिरत असताना शेजारी उभे राहा. मशीन शून्य दाखवतं, तरी टायर वर-खाली उडताना किंवा रिम डोलताना दिसते का बघा. तसं असेल तर कितीही वजनं चिकटवली तरी उपयोग नाही. लोखंडी रिम सरळ करून मिळते, तडा गेलेलं अलॉय बदलावंच लागतं. नट शेवटी हाताच्या पान्याने, समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळायला सांगा. एअर गनने कमीजास्त आवळलेल्या नटांमुळेही डिस्क वेडीवाकडी बसते.

आता गॅरेजमध्ये सांगायचं ते असं: '८५ ते १०० मध्ये येते, स्टीअरिंगमध्ये, न्यूट्रललाही राहते, ब्रेकशी संबंध नाही.' काम झाल्यावर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला एक चक्कर मारा, आणि मग पैसे द्या.